तिसऱ्या खुर्चीवरचा धुळाजी

वडवणीच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालायचा. चालू कॉम्प्युटर चार आणि शिकणारे बारा, म्हणून एका कॉम्प्युटरला तीन खुर्च्या. खालून युरियाचा वास यायचा, वरून पंख्याचा नुसता आवाज.

मधल्या खुर्चीवर वनमाला. तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी ही पोरगी कीबोर्डवर बोटं अशी पळवायची, की बघणाऱ्याला धाप लागावी. उजवीकडं धर्मराज, पोलीस भरतीत दोनदा उंचीनं मार खाल्लेला. तो राग तो माऊसवर काढायचा. आणि डावीकडं, मांडीवर पुस्तक उघडून बसलेला धुळाजी. वय सेहेचाळीस, हायस्कूलचा शिपाई.

पुस्तक वाचायचं काम धुळाजीनं पहिल्याच दिवशी आपण होऊन उचललं. माणूस मेंढपाळाच्या घरचा. त्यानं दोघांना समजावलं, "कळप हाकायचा तर एकानं पुढं ऱ्हायचं, एकानं मागं, एकानं बाजूनं हाळी द्यायची. तिघंबी पुढं पळाले की मेंढरं लोकाच्या हरभऱ्यात. तुमी हाका, मी हाळी देतो."

दोघांना ते पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात? फक्त ते खरं कारण नव्हतं.

खरं कारण सात वर्षांपूर्वीचं. शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर धुळाजीनं एका सकाळी ओल्या फडक्यानं पुसला. मनापासून पुसला, मागनं, पुढनं, फटीफटीतनं. त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर जो मिटला, तो उघडलाच नाही. सगळ्यांनी लाईटवाल्यांना शिव्या घातल्या. धुळाजीनंही दोन घातल्या. पण तेव्हापासून कॉम्प्युटर दिसला की त्याचे हात आपोआप पाठीमागं जायचे.

मग असा माणूस क्लासला आलाच कशाला? तर हेडमास्तर सुंदररावांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "लिपिकाची जागा निघालीय धुळाजी. जूनच्या आत सर्टिफिकेट आण, जागा तुझी. न्हाई आणलंस तर संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा भाचा टपून बसलाय. मग तू घंटाच वाजव, रिटायर होईपर्यंत."

तीन महिने धुळाजी वाचत राहिला. "फोल्डरवर जा. उजवं बटण दाबा. नाव बदला." आवाज असा खणखणीत, की बाकीच्या तीन टेबलांनी आपली पुस्तकं उघडणंच सोडून दिलं. अख्खा वर्ग त्याच्या हाळीवर चालायचा. पुस्तक त्याला तोंडपाठ झालं, आणि माऊसला त्याचं बोट एकदाही लागलं नाही.

परीक्षेला चार दिवस उरले आणि क्लासच्या सरांनी सांगितलं, "सेंटर बीडला. एकाला एक कॉम्प्युटर."

धुळाजीनं पुस्तकातून मान वर केली. "सर, तिघात एक न्हाई का?"

"मामा, परीक्षेला चाललाय का जागरण-गोंधळाला?" सर म्हणाले. वर्ग हसला. धुळाजीही हसला, पण त्याचे हात पाठीमागं गेले होते आणि ते वनमालाला दिसलं.

जिन्यात तिनं त्याला अडवलं, मागं धर्मराजही होता. "मामा, खरं सांगा. तुमी कवा हात लावलाय का त्याला?"

धुळाजी पायरीवरच बसला. मग ओल्या फडक्यासकट सगळं बाहेर आलं.

"काय बे..." धर्मराजनं जीभ चावली. "म्हंजे, काय हो मामा! आमाला वाटायचं तुमी आमचे मास्तरच."

दुसऱ्या दिवशी वनमालानं खुर्च्या बदलल्या. धुळाजी मधे, ती दोघं हात मागं बांधून बाजूला. पुस्तक तिच्या मांडीवर. धुळाजीनं माऊसवर हात ठेवला तो इंगळीच्या नांगीवर ठेवावा तसा. बाण पडद्यावर एकदा दिसला, मग कोपऱ्यात पळाला. घाम कीबोर्डवर टपकला आणि धुळाजी ताडकन उठला. "पानी पडलं! गेला ह्यो बी!"

"घामानं न्हाई मरत," धर्मराज म्हणाला. "मरत असता तर माझ्या हातानं कवाच मेला असता. बसा."

तीन दिवस असंच चाललं. दोघं वाचून दाखवायची, पण धुळाजीचं बोट काही हलायचं नाही. तो स्वतःच्या आवाजात म्हणायचा, "उजवं बटण दाबा," तेव्हाच ते हुकूम आल्यासारखं दाबलं जायचं.

बीडच्या हॉलमध्ये वनमाला त्याच्या शेजारच्याच कॉम्प्युटरवर होती, धर्मराज मागं कुठंतरी. पहिला प्रश्न आला आणि धुळाजीच्या तोंडून सवयीनं खणखणीत निघालं, "फोल्डरवर जा!"

चाळीस माऊस एकदम फोल्डरवर गेले.

पर्यवेक्षक धावत आले. "ओ काका! कॉपी पुरवताय? परत आवाज आला तर बाहेर काढीन."

धुळाजीनं तोंड मिटून घेतलं. बाहेर काढलं तर संपलं. अन् गप्प बसलं तर बोट हलत नाही, म्हणजे तरीही संपलं. पडद्यावरचं घड्याळ उतरत होतं. अध्यक्षांच्या भाच्याचं तोंड दिसायला लागलं, खुर्चीत रेलून चहा मागणारं, "धुळाजी, साखर कमी."

त्यानं खांद्यावरचा पंचा ओढला, त्याचं टोक तोंडात कोंबलं आणि त्या बोळ्याआड पुटपुटायला लागला. पर्यवेक्षक दोनदा येऊन वाकून बघून गेले. दाढ दुखत असेल म्हणून सोडून दिलं. धुळाजीचं बोट मात्र चालत राहिलं.

पेपर जमा करायचं शेवटचं बटण त्याच्यानं दाबवेना. वेळ संपली आणि पडदा आपसूकच बदलला. त्यावर निकालाचा एक शब्द होता. तीन महिने अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलेल्या माणसानं डोळे घट्ट मिटून घेतले.

"वनमाला," तो पंच्याआडून म्हणाला, "तू वाच."

ती वाकली. "पास, मामा."

धुळाजीनं पंचा तोंडातून काढला आणि घाम पुसायला हात कपाळाकडं नेला. मग तो भिजलेला पंचा बघून दचकलाच. आधी खुर्ची सरकवून कॉम्प्युटरपासून चार हात लांब झाला, आणि मग तोंड पुसलं.