प्रिंटर कपाटात होता

प्रिंटर हवा का, असं मशीनने मला स्वच्छ विचारलं होतं आणि मी 'नाही' म्हणालो.

दिवाळीची सुट्टी होती. सुरतेजवळ पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या ऑफिसात मी एकटाच. बिलं काढणारा कॉम्प्युटर ऐन बिलाच्या मध्येच अडून बसायचा, म्हणून मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी त्यावर लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि जुनं सगळं पुसून टाकलं. शेठची परवानगी होती. "जे करवुं होय ते कर," ते म्हणाले होते, "पण लाभपाचमचं पहिलं बिल यातूनच निकळवुं जोईए." लाभपाचमीला धंद्याचं वर्ष उघडतं. मुहूर्ताचं बिल चुकलं, तर शेठचं वर्षभर मन लागणार नाही.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तेव्हा आपला आपणच बांधून घ्यायचा. आधी तो प्रश्न विचारी: हे यंत्र आहे का, ते कार्ड आहे का. मेमरी तुटपुंजी, तेव्हा फालतू काही घ्यायचं नाही, असा माझा बाणा. मी टेबलाकडे बघून उत्तरं देत गेलो. माउस? दिसतोय, हो. प्रिंटर? दिसत नाही, नाही! साफसफाईत धूळ बसू नये म्हणून मीच तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवला होता.

लाभपाचमीला पूजा झाली. मॉनिटरला कुंकू, प्रिंटरला फूल, समोर सुरतेचा व्यापारी, दाराशी भरलेला टेम्पो. मी बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. वायर काढून घातली. बंद करून चालू केला.

"कुंकू आत गेलं का रे भो?" रंगखात्याचे खान्देशी मुकादम म्हणाले. चेष्टाच ती, पण मी रुमालाने बटणं पुसली!

मग पडद्यावरची ओळ नीट वाचली. असलं यंत्र इथे नाहीच, असं मशीन म्हणत होतं. कपाट आठवलं आणि माझे कान तापले.

"केटली वार?" शेठनी विचारलं.

"गाभा परत बांधायचा, शेठ. तीन-चार तास."

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. शेठनी जुनं बिलबुक मागवलं, कार्बन घातला आणि चष्मा लावून स्वतःच्या हाताने बिल लिहिलं. टेम्पो वेळेत गेला.

जेवणं झाल्यावर कर्नल तयार झाला. प्रिंटर करकरला, मी टाळी वाजवली. कागद बाहेर आला तर प्रत्येक ओळ मागची संपली तिथूनच सुरू झालेली. जिन्यासारख्या उतरत उतरत रक्कम कागदाबाहेर गेली होती. लिनक्समध्ये ओळ बदलली, तरी प्रिंटरला डावीकडे परत जायचं वेगळं सांगावं लागतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

शेठनी तो कागद उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाई, तुझ्यापेक्षा तो कार्बन पेपर सारो."