रामलिंग सरांचा सत्कार

रामलिंग सरांना खुर्चीचं वावडं. स्टाफरूममध्ये त्यांची म्हणून एक खुर्ची आहे, पण तिच्यावर कायम दुसऱ्याच कुणाची तरी पिशवी. सर मैदानावर, सर फाटकापाशी, सर पाण्याच्या टाकीजवळ, सर पुन्हा मैदानावर. डबा हातात धरून येरझारा घालत जेवणारा मास्तर अख्ख्या मुदखेड तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडलंय देवानं." पण पायापेक्षा ह्या माणसाचा जीव जास्त पळतो, हे तिलाही पुरतं ठाऊक नाही.

सर शारीरिक शिक्षणाचे. म्हणजे बाकीच्यांच्या भाषेत, 'पी.टी.चे, त्यांना काय काम?' गणिताच्या मास्तरांचा भाग उरला की सरांचा तास घ्यायचा. पाहुणे आले की सरांनी सतरंज्या टाकायच्या, पोरं रांगेत उभी करायची. केलं हो सगळं बिचाऱ्यानं, तोंडातून ब्र काढला नाही. बदल्यात एकच मागितलं, सकाळी शाळेआधी मैदान आणि खो-खोच्या पोरी. एकेका पोरीसाठी तिच्या बापाच्या दारात चकरा मारल्या. दरवर्षी संघ घेऊन नांदेडला जायचं आणि तोंड पाडून परत यायचं, ह्यात सरांचे केस पिकले.

यंदा मात्र जिल्हा मारला! आणि मारला तो बुशरानं. बुशरा दहावीतली, अंगानं काडी, पण मैदानात उतरली की वारं. खांबापाशी पळणाऱ्या पोरीला वाटावं, सुटले एकदाची, तोवर ही एका हातानं खांब धरून हवेत आडवी होते आणि हात लावून मोकळी. ह्याला सर 'सूर' म्हणतात. आता लातूरला विभागाची स्पर्धा होती. तिथं जिंकलं की राज्य! सरांच्या शाळेनं राज्याचं मैदान कधी बघितलं नव्हतं, आणि वयाच्या हिशेबानं ह्या गटात बुशराचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर मग कधीच नाही, असं सरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिचे वडील खाजामियाँ घरोघरी फरशी बसवण्याचं काम करतात. सभ्य माणूस, पण बोलला की बोलला. पोरगी खेळायला सोडताना त्यांनी सरांना बजावलं होतं, "सर, मैदानावर न्या, मैदानावरून आणा, माझी ना न्हाई. पण मिरवणूक, गुलाल, चार लोकांत नाचवणं आपल्याला चालणार न्हाई. जुबान द्या." सरांनी जुबान दिली होती.

आणि मग सुरू झाले सत्कार. आपल्याकडं माणूस जिंकला की त्याला धड जगू देत नाहीत! शाळेचा झाला, ग्रामपंचायतीचा झाला, पतसंस्थेचा झाला, मग दोन मंडळांत आमचा आधी का तुमचा आधी ह्यावरून भांडण झालं. शाल, नारळ, हार, आणि दर सत्काराला कुणीतरी पुढारी उशिरा येणार. तोवर पोरी उन्हात उभ्या. सरांचं डोकं फिरलं. ते मुख्याध्यापक व्यंकटरावांच्या खोलीत शिरले.

"सायब, लातूरला काय शाली पांघरून पळायचंय का? सराव बंद पडलाय माझा!"

"आवो सर, लोकांचं मन मोडू नये," व्यंकटराव म्हणाले. "तुम्हाला कोण विचारत होतं इतकी वर्षं? घ्या की मिरवून."

"मला न्हाई मिरवायचं," सर म्हणाले आणि तणतणत बाहेर पडले.

इतकं ताडकन बोलणारा माणूस, आणि त्याच संध्याकाळी बजरंगदादाचा फोन आला. दादा म्हणजे सरांचा थोरला भाऊ, धर्माबादकडं गावी असतो. "रामलिंग, गावानं तुझा सत्कार ठेवलाय. पोरींना घेऊन ये."

गाव! ज्या गावानं त्यांना कधी मास्तर म्हटलं नाही. 'शिट्टी फुंकायचा पगार घेतो' म्हणून पारावर ज्यांनी हसून घेतलं, ते आता हार घेऊन उभे राहणार. माणसाचं काळीज आहे हो, विरघळलं. सरांनी व्यंकटरावांना सांगितलं, "रविवारी धर्माबादकडं सराव सामना हाय." हेच खाजामियाँनाही सांगितलं. थाप मारताना सरांची जीभ अडखळली नाही, ह्याचं त्यांचं त्यांनाच नंतर नवल वाटलं.

रविवारी गावात हलगी कडाडली. वेशीपासून पोरी ट्रॉलीत उभ्या, वरून गुलाल. बुशरानं सुरुवातीला ओढणी तोंडावर ओढून घेतली, मग बाकीच्या हसायला लागल्या तशी तीही हसली. सर पुढं चालत होते, आणि खोटं कशाला बोला, छाती दोन बोटं वर आली होती. ग्रामपंचायतीपुढं हार घातले. मग पारावरून एकजण ओरडला, "आरं रामलिंग, तुझी ती खांबावरची पोरगी कोणती रं? आम्ही नुसतं ऐकूनच राहिलो!"

समोर विजेचा खांब होता. खाली सिमेंटचा रस्ता, त्यावर गुलालाचा थर. बिनबुटाचं पाऊल तिथं ठरणार नाही, हे शाळेतलं शेंबडं पोरगंही सांगेल. सरांना नाही दिसलं. त्यांना पारावरची माणसं दिसत होती.

"बुशरा, दाखव गं गावाला. एकदाच."

"सर, हितं?" तिनं खाली बघितलं.

"एकदाच म्हणतो ना."

ती पळाली, खांब धरला, आडवी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि उतरताना पाऊल सटकलं. हलगी थोडा वेळ वाजतच राहिली, वाजवणाऱ्याला कळलंच नव्हतं काय झालं ते.

परतताना जीपमध्ये घोटा बघता बघता लिंबाएवढा झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाय बांधून दिला आणि सांगितलं, हाड शाबूत आहे, पण पळायचं नाही. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. घर जवळ आलं तशी बुशराच म्हणाली, "सर, अब्बांना कळलं तर माझं खेळणं संपलं. मी न्हाणीत घसरले म्हणून सांगते. तुम्ही काही बोलू नका." मग तिनं बाकीच्या पोरींकडं बघितलं. कर्णधार पुनम म्हणाली, "आम्ही पण न्हाई बोलणार." सगळ्या सरांकडं बघत राहिल्या.

सरांनी काय म्हणायला पाहिजे होतं? 'चल, मी सांगतो तुझ्या अब्बांना.' एवढंच ना? तेवढंही म्हटलं नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले, आणि त्याचा अर्थ पोरींनी बरोब्बर लावला. बुशरा पुनमच्या खांद्यावरचा हात काढून एकटीच लंगडत आत गेली.

त्यानंतरचे दिवस सरांनी कसे काढले त्यांनाच ठाऊक. मैदानावर शिट्टी वाजवायची आणि पुढं काय सांगायचं तेच विसरायचं. बाजारात खाजामियाँ दिसले की गल्ली बदलायची. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले, दोन्हीदा आतून ठोकल्याचा आवाज ऐकला, म्हटलं माणूस कामात आहे, आणि माघारी फिरले. निमित्तच पाहिजे होतं त्यांना. बायकोनं विचारलं, "पोटात दुखतंय का तुमच्या?" सर तिच्यावरच खेकसले.

लातूरच्या मैदानावर सामन्याआधी बुशरा बूट बांधून समोर उभी राहिली. "सर, मी खेळते. दुखत न्हाई."

"पळून दाखव."

ती चार पावलं पळाली. तोंडावर हसू होतं, पण डोळ्यांत पाणी आलेलं सरांनी बघितलं. ती नसली तर सामना जातो, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. राज्य समोर उभं होतं. एकदा वाटलं, उतरवावं. खेळते म्हणते ना पोरगी! मग त्यांना तो सिमेंटचा रस्ता आठवला आणि स्वतःचीच किळस आली.

"बूट काढ. बाहेर बस."

"सर!"

"बस म्हणतो ना, बाई."

पोरी जिवाच्या आकांतानं खेळल्या. उज्ज्वला नावाची आठवीतली पोरगी खांबावर उभी राहिली, दोनदा सूर मारला, दोन्हीदा बोटभर कमी पडली. एका गुणानं सामना गेला. एका! पुनम मैदानातच फतकल मारून रडायला लागली. बुशरा रडली नाही, नुसती खांबाकडं बघत राहिली.

आणि गर्दीतून खाजामियाँ येताना दिसले. पोरीचा सामना बघायला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते, धुतलेला सदरा घालून. सरांपुढं येऊन त्यांनी हात जोडले.

"माफ करा, सर. माझ्यामुळं गेलं तुमचं."

"तुमच्यामुळं?"

"न्हाणीतली फरशी मीच बसवली होती ना. लोकांच्या घरी खरबरीत बसवतो, आपल्या घरी म्हटलं, चकचकीत दिसू दे. हिची अम्मी रहमतबी तवापासून माझ्याशी धड बोलून न्हाई राहिली, पोरीचा पाय मोडलास म्हणते. इतक्या वर्षांची तुमची मेहनत, सर..."

त्यांच्या पाठीमागं बुशरा उभी होती. ती सरांकडं बघून मान हलवत होती, नका सांगू, नका सांगू.

सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "खाजामियाँ, हात सोडा. पोरगी न्हाणीत न्हाई घसरली. सराव सामना पण नव्हता. मी तिला माझ्या गावी मिरवायला नेलं. सिमेंटवर, गुलालावर मीच उडी मारायला लावली, लोकांना दाखवायला. तुम्हाला दिलेली जुबान मोडली, आन वरून गप बसलो. ती लेकरू हाय, गप बसायला ती माझ्याकडं बघून शिकली."

खाजामियाँनी जोडलेले हात खाली घेतले. सरांना वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी ती फरशी फोडली, सर," ते शेवटी म्हणाले. "कालपरवा. हातोडा घेऊन सगळी उखडून काढली." मग ते वळले. "आन तू दारात उभी राहून बघत होतीस, बेटा."

"अब्बा, मला खेळायचं होतं," बुशरा म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना.

खाजामियाँनी तिची बॅग उचलली. जीपकडं न जाता ते एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागले, आणि ती लंगडत त्यांच्या मागं निघाली. सर तसेच उभे होते. फाटकापाशी खाजामियाँ थांबले. मागं वळून बघितलं नाही, नुसता एक खांदा खाली केला. बुशरानं त्यावर हात टेकला आणि दोघं हळूहळू बाहेर पडले.