भिंगरीची दुसरी डिस्क

माझ्या भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती बसलेली कुणी पाहिली असेल तर मला कळवा, मी बघायला येईन. जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे. लग्न ठरलं तेव्हा मी जावईबापूंना म्हटलं होतं, "हिच्याशी बोलायचं तर मागे मागे चालायची सवय करा."

ही भिंगरी युनिफॉर्मवर नावं आणि चिन्हं भरून देते. मशीनच भरतं, पण काय भरायचं ते त्याला कॉम्प्युटर सांगतो. त्यातला प्रोग्राम जुना, तो करणारी कंपनी बुडाली, आता कुठेही मिळत नाही. तो गेला तर मशीन म्हणजे नुसतं जड टेबल. आणि गिऱ्हाइकांच्या नव्या फायली त्या जुन्या सिस्टीमवर उघडत नाहीत. म्हणून बाईसाहेबांनी ठरवलं, तो प्रोग्राम असलेल्या जुन्या डिस्कला हात लावायचा नाही, शेजारी दुसरी डिस्क बसवायची आणि तिच्यावर नवी सिस्टीम टाकायची.

"एकाच घरात दोन संसार? भांडतील गं," मी म्हटलं.

"मावशी, म्हणून तर चुली वेगळ्या!"

दुरुस्तीवाल्याने फोनवर बजावलं होतं, नवी सिस्टीम टाकताना जुनीची वायर काढून ठेवा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. पण हिने हौसेनं नवी डिस्क अगदी जुनीसारखीच घेतली होती, त्याच कंपनीची, त्याच आकाराची. ती शेजारी बसवली, ओळख म्हणून जुनीच्या वायरीला लाल दोरा बांधला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडाच ठेवून कापड आणायला पळाली.

आता आमची ताई, म्हणजे भिंगरीची आई. हिच्या गळ्यात कायम कात्री लटकलेली. लोंबणारा दोरा दिसला की हात आपोआप चालतो. पाहुण्यांच्या बाहीचे दोरेसुद्धा कापते, आधी विचारतही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होते. भिंगरीने लाल दोऱ्याची वायर उपटली, कॉम्प्युटर चालू केला, नवी सिस्टीम भरलेला पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्नावर प्रश्न. ही काही वाचेल तर शपथ. पुढे, पुढे, पुढे. शेवटी आलं, ही डिस्क पूर्ण पुसली जाईल, पुढे जायचं का? हिचं बोट माउसवर, आणि पाय खुर्चीखाली नाचतोय.

तेवढ्यात ताई आतून म्हणाली, "गाठ मारायला शिक जरा. काल मी तो दोरा कापला, मग वाटलं असू दे, कामाचा असेल. मीच परत नीट बांधला."

बोट थांबलं.

"आई. कुठल्या वायरीला बांधलास?"

"अगं, दोन्ही सारख्याच. बांधला एकीला."

"एकीला म्हणजे कुठल्या?"

"आता ते कसं सांगू? सुंदर बांधलाय की!"

भिंगरीने माउस असा सोडला, जसा गरम तवा. कॉम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह काढला, लावलेली डिस्क तशीच ठेवली आणि पुन्हा चालू केला. आम्ही तिघी पडद्याकडे बघत उभ्या. काळं. अजून काळं. ताईने पुटपुटायला सुरुवात केली, मी तिला चिमटा काढला. मग जुनी ओळखीची निळी खिडकी उघडली आणि भरतकामाचा प्रोग्राम त्याच्या नेहमीच्या रडक्या आवाजासकट हजर.

म्हणजे पुसली जाणार होती ती जुनीच. एका टिचकीचं अंतर होतं.

ताई एवढीशी झाली. "रागावलीस?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "पण आई, आजचा दिवस ती कात्री मावशीच्या गळ्यात घाल."

"मी का? मी काय खुंटी आहे?" मी म्हटलं, पण घातली मुकाट्याने.

मग तिने जुनी डिस्क स्क्रू काढून अख्खी बाहेर काढली, एकटी नवी जोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, शाळेतल्यासारखी. शेवटचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली.

"चहा टाकतेस का गं? तुझी पळायची वेळ झाली," मी डिवचलं.

"तूच टाक, मावशी. मला उठता येणार नाही."

बघते तर काय, जुनी डिस्क मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात, आणि पट्टी पुरी होईपर्यंत बाई जागची हलली नाही.