जशा आहात तशा या

आमच्या अक्काची दवाखान्यात जायची तयारी लग्नाला निघाल्यासारखी. इस्त्रीची साडी, चापूनचोपून वेणी, आणि आदल्या दिवशी नायगावात गल्लीतल्या डॉक्टरकडून एक सुई. "लातूरच्या मोठ्या डॉक्टरपुढं काय लंगडत जावं?" हे तिचं म्हणणं. ती एकटीच अशी नाही. आमच्याकडं बरेच जण डॉक्टरकडं जाण्यासाठी आधी बरे होऊन घेतात.

अक्काचा एक डोळा आधीच गेलेला. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच उलटून डोळ्याच्या नसेवर चाल करतात, असला हा आजार. उरलेल्या डोळ्यावर तिचं शिलाई मशीन चालायचं. हल्ली पायाला मुंग्या येत होत्या, म्हणून लातूरच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. ते निरोप रक्तात वाढलेले दिसले तर औषध बदलायचा विचार करू, असं त्यांनी मला समजावलं होतं.

रिपोर्ट चांगला आला. नांदेडच्या माझ्या शाळेतून रजा काढून मी पेढे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"रक्त देण्याआधी काही इंजेक्शन घेतलं होतं?"

अक्का पदराशी चाळा करू लागली. "ताकदीची सुई घेतली होती. लई बरं वाटतं तिनं."

ती स्टेरॉइडची निघाली. त्या सुईनं ते निरोपच दाबून टाकले होते, म्हणून रिपोर्ट चांगला दिसला. मला असा संताप आला, की तिथंच तिला चार शब्द सुनवावेत. डॉक्टरबाई मात्र चिडल्या नाहीत. सुईचा असर उतरला की पुन्हा रक्त घेऊ. मधे नजरेत जरा जरी फरक वाटला तर त्याच पावली निघा, म्हणाल्या. "आणि ताई, जशा आहात तशा या."

पुढच्या खेपेला अक्का तशीच आली. चुरगळलेली साडी, माझ्या खांद्यावर सगळा भार, पाय ओढत. बसस्टँडवर कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून तोंडावर पदर घेतलेला. इतके दिवस हे सगळं इस्त्रीखाली झाकलेलं होतं.

या वेळचा रिपोर्ट वाईट आला. औषध बदललं, आणि आतापर्यंत तरी तिचा डोळा शाबूत आहे.

वर्षानुवर्षं फोनवर 'कशी हायेस?' विचारलं की 'बरी हाय' एवढंच यायचं. परवा विचारलं, तर म्हणाली,

"आज बरी न्हाई गं. येतीस का?"

मी शाळेतून तशीच निघाले.