कुंपणाला लावलेली सायकल

दिनेश गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. रोह्याच्या एका कंपनीत मी लॅब केमिस्ट आहे. लॅबमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, तो बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी मला सेकंड शिफ्ट होती. चहाच्या वेळी लॉकर उघडला तर ग्रुपवर त्याचा लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, आणि त्याखाली एकामागून एक 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी चहा संपवला, परत आत गेले आणि राहिलेली दोन सॅम्पल तपासली. दुसऱ्या दिवशी ती रीडिंग मुद्दाम पडताळून पाहिली, बरोबर होती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. एखादा माणूस गेल्यावर आपण काय करायचं हे तो आपला कोण लागत होता यावर ठरतं, आणि तेच मला ठरवता येत नव्हतं. मित्र म्हणावं तर आम्ही नुसते मित्र नव्हतो. त्यापेक्षा जास्त काही म्हणावं तर तो हक्क मी स्वतःच नऊ वर्षांपूर्वी सोडून दिला होता. पावसाळ्यातला ताप त्याने अंगावर काढला, कारण गणपती तोंडावर आले होते. चार दिवसांत आटोपलं. एकतीस वर्षांचा होता.

आमची ओळख सायकलवरून झाली आणि पुढची तीन वर्षंही बहुतेक सायकलवरच गेली. मी कासूची. सकाळच्या गाडीने पेणला उतरायचे. स्टेशन गावापासून लांब, कॉलेज त्याहून पुढे, आणि रिक्षा पूर्ण भरल्याशिवाय हलायची नाही. पहिल्या वर्षी माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल रिक्षा भरण्याची वाट पाहण्यात बुडत होती. दिनेश जोह्याचा, आर्ट्सला. स्टेशनजवळ त्याच्या मामाचा गणपतीचा कारखाना होता. तो रोज जोह्याहून सायकल मारत यायचा, दहा वाजेपर्यंत कारखान्यात रंगकाम करायचा आणि मग कॉलेजला. मला रिक्षात एकटीच बसलेली तो रोज बघायचा. एक दिवस समोर येऊन म्हणाला, "तू बीएस्सीला ना गो? माझी सायकल दहापर्यंत नुसती उभी असते. घेऊन जा." मी म्हटलं, "आणि तू?" तो म्हणाला, "माझे पाय हायत."

त्यातून आमची जी व्यवस्था बसली ती एखाद्या कंपनीच्या शिफ्टसारखी काटेकोर होती. सकाळी तो स्टेशनच्या कुंपणाला सायकल लावून कुलूप घालणार. एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी ती घेऊन कॉलेजला जाणार, आणि दुपारच्या गाडीआधी पुन्हा त्याच कुंपणाला लावणार. संध्याकाळी काम संपलं की तो ती घेऊन जोह्याला जाणार. म्हणजे सायकल एक, माणसं दोन, आणि ती दोघं सायकलवर कधीच एकत्र दिसणार नाहीत. हे शेवटचं कलम माझं होतं. माझी आई मी दहावीत असताना गेली. घरात बाबा आणि मी दोघंच. बाबा रेल्वेत ट्रॅकमन होते, कमी बोलणारे. दिनेशचा समाज वेगळा. बाबांना हे चालणार नाही असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, ते मीच ठरवून टाकलं होतं आणि इतकं पक्कं ठरवलं होतं की त्यावर विचार करायचं काही उरलंच नव्हतं. मोबाइल होता, पण तो घरात बाबांच्याही हातात असायचा. त्यामुळे आमचा पत्रव्यवहार सायकलच्या कॅरिअरवरून चाले. मी माझं जर्नल कॅरिअरला लावून ठेवायचे, तो संध्याकाळी घरी नेऊन त्यातल्या आकृत्या काढायचा. ब्युरेट, पिपेट, कंडेन्सर... त्याला त्यातल्या एकाचाही उपयोग माहीत नव्हता, पण काच काढावी तर त्यानेच. मॅडम माझ्या आकृत्या वर्गात फिरवायच्या. त्याच्या बदल्यात मी त्याचे इंग्रजीचे निबंध लिहायचे, आणि त्यांना मात्र जेमतेम मार्क पडायचे. तो म्हणायचा, "आकृती तुला फुकटची भेटते, मला पन जरा बरा माल देत जा."

आता हसू येतं ते आमच्या एका चुकीचं. दिनेशच्या कारखान्यात एक पद्धत होती. गणपती गेले, हंगाम संपला, की उरलेले रंग वाया घालवायचे नाहीत, कारागिरांनी आपापल्या सायकली रंगवून घ्यायच्या. त्यामुळे आमची ही गुप्त सायकल एका वर्षी पितांबराच्या पिवळ्या रंगाची होती, दुसऱ्या वर्षी शेल्याच्या राणी रंगाची, चेनकव्हरवर सोनेरी कमळ, आणि मडगार्डवर वर्षभर न निघणारे मूर्तीच्या अंगरंगाचे ठिपके. अख्ख्या पेणमध्ये असली सायकल दुसरी नव्हती. आम्ही मात्र एकत्र दिसत नाही एवढ्यावर निर्धास्त. कॉलेजच्या दारात तो मला ओळखही दाखवायचा नाही, आणि त्याची कमळवाली सायकल मी सगळ्यांसमोर रोज स्टँडला लावायचे. माझ्या दुसऱ्या वर्षी बाबांचा गुडघा दुखावला, त्यांना ट्रॅकवरून काढून पेण स्टेशनवर हलकं काम दिलं. ते माझ्या आधीच्या गाडीने जात. आम्ही घाबरलो, पण सायकलची जागा बदलायचं काही आमच्या डोक्यात आलं नाही. एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "ती सायकल कोनाची गो?" मी म्हटलं, "मैत्रिणीची." त्यांनी आणखी भात वाढून घेतला. आपण सुटलो, असं मला वाटलं.

डबलसीट आम्ही एकदाच गेलो, तिसऱ्या वर्षी, धरमतरला. त्या दिवशी बाबा रजेवर होते. खाडीवर बार्ज लागला होता, त्यातून कोळसा उतरत होता आणि वारा सगळी भुकटी आमच्या अंगावर आणत होता. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी आम्ही दोन तास बसलो. त्या वर्षी मामाने त्याला पहिल्यांदाच मूर्तीचे डोळे आखायला दिले होते. कारखान्यात ते काम सर्वांत शेवटी आणि सर्वांत भरवशाच्या माणसाला मिळतं. तो वाळूत बोटाने डोळा काढून दाखवत होता. "दम धरायचा आणि एका झटक्यात रेघ ओढायची. मधे थांबलीस की गेली."

"आणि चुकली तर?"

"चुकली तर पुसून परत रंग मारतात की. तू सायंटिस्ट असून काय पन इचारतेस."

परत येताना त्याने वडखळच्या अलीकडे मला उतरवलं. तिथून मी एसटीने पेणला आले. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. एवढं सांभाळून आम्ही नेमकं काय वाचवत होतो ते मला सांगता येणार नाही.

शेवटच्या वर्षीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी त्याने कॉलेजमागच्या पायऱ्यांवर सरळ विचारलं, "मी कासूला येऊ का? बाबांशी बोलतो." मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "नाय म्हनतील, एवढंच ना? ऐकून घेईन." मी म्हटलं, "तू घरी आलास तर त्यांना धक्का बसेल. आईनंतर त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही. मला त्यांना दुखवायचं नाही. इथेच थांबू." हे मी इतक्या शांतपणे बोलले की जणू कोणाच्या वतीने निरोप देत होते. तो म्हणाला, "बरं." एवढंच. माझी परीक्षा अजून दोन आठवडे चालायची होती. मला वाटलं, आता रिक्षा. पण दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर आले तर सायकल कुंपणाला होती. शेवटच्या पेपरपर्यंत रोज होती. त्या दोन आठवड्यांत कॅरिअरला मात्र काही लावलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मी माझी किल्ली कुलपालाच ठेवून गाडीत बसले. खूप रडले, आणि कासू यायच्या आत तोंड पुसलं.

पुढचं थोडक्यात. मला रोह्याला नोकरी लागली, म्हणजे त्याच लाइनवर उलट्या दिशेने जाणं-येणं सुरू झालं. माझ्यासाठी स्थळं आली, गेली. दिनेशचं लग्न झालं, जोह्यात त्याने स्वतःचा छोटा कारखाना काढला, मुलगी झाली. वर्षा-दोन वर्षांतून कुठेतरी भेट व्हायची. शेवटचा भेटला तो या उन्हाळ्यात, रोहा स्टेशनवर. तो मूर्तींची ऑर्डर घ्यायला आला होता. उभ्याउभ्या चहा झाला. मी विचारलं, सायकल आहे का? "हाय की. पोरीला पुढं बसवून फिरवतो." त्याची गाडी आली. आमच्यात कडवटपणा कधीच नव्हता. कधीकधी वाटतं, असता तर बरं झालं असतं, निदान मी काही चुकीचं केलं असं कोणीतरी म्हटलं असतं.

तेराव्याला मी गेले नाही. कोण म्हणून जायचं? तीन आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी, घरी काही न सांगता गेले. पेणहून जोह्याची बस पकडली. कारखान्यात सामसूम होती. ज्या मूर्तींचे डोळे व्हायचे होते ते शेजारच्या कारागिराने आखून दिले होते आणि सगळ्या मूर्ती वेळेत गेल्या होत्या. त्याची बायको अश्विनी पडवीत बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "तुम्ही स्मिताताई ना? बसा." मला पाणी दिलं. मी जे तोंडपाठ करून गेले होते त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. सायकल तिथेच भिंतीला होती, आता हिरवी.

तीच बोलली. "ते सांगायचे तुमचं. लपवून नाय ठेवलं काय. म्हनायचे, कोनाची वस्तू घ्यावी तर स्मितासारखी. संध्याकाळी सायकल घ्यायला गेलो की दोन्ही टायरात हवा कशी कडक असायची. शेवटच्या दोन वर्सांत कधी इसरली नाय. मी कोनाचं भांडं परत द्यायला निघाले की मला पन तेच ऐकवायचे."

मी म्हटलं, "हवा मी नाही भरायचे."

खरंच, कधीच नाही. तीन वर्षांत एकदाही मला त्या सायकलमध्ये हवा भरायची वेळ आली नव्हती, आणि ती तो घरून भरून आणतो असं मी धरून चालले होते. त्यानेही मला कधी विचारलं नाही. अश्विनी माझ्याकडे बघत राहिली. "मग कोन भरायचं?" मग तिनेच विषय बदलला, मुलीला हाक मारली, मला चहा केला. निघताना म्हणाली, "येत जा." तिने ते तोंडदेखलं म्हटलं नव्हतं, ते मला कळलं.

बसमध्ये मी सॅम्पल तपासावं तसं एकेक करून माणसं वगळत गेले. मी दुपारी सायकल लावायचे, तो संध्याकाळी काढायचा. मधल्या वेळात त्या कुंपणाशी कोण असायचं? पेणच्या स्टेशनात पाऊल ठेवलं तेव्हा एकच नाव उरलं होतं.

बाबा आता रिटायर झालेत. घरी पोचले तेव्हा ओटीवर वाल सोलत बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं, "बाबा, पेणच्या स्टेशनवर माझी सायकल असायची. तिच्यात हवा तुम्ही भरायचात?"

त्यांनी हातातला दाणा सोलून घेतला. "मग? टायर दबलेला घेऊन तू हायवेवर जायाचीस. माझा पंप केबिनमधी व्हताच."

"ती कोणाची होती ते माहीत होतं तुम्हाला?"

"जोह्याच्या त्या पोराची. सगल्या स्टेशनाला म्हायत व्हतं." मग म्हणाले, "बरा व्हता. तुझी परीक्षा संपली तवा वाटलं, आता येईल घरी बोलायला. दोन रविवार मी शेतावर गेलो नाय..."

मी खाली बसले. त्यांना सांगितलं की तो येणार होता आणि मी त्याला नको म्हटलं. आणि तो गेला, हेही तेव्हाच सांगितलं. मी त्याच्याच घरून आले होते, हेही. नऊ वर्षं ज्यांना दुखवायचं नाही म्हणून मी जपलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा म्हणाले, "मला सांगायचंस. मी पन आलो असतो."

पुढच्या रविवारी मी त्यांना जोह्याला घेऊन गेले. अश्विनीला म्हटलं, हे माझे बाबा. तिने वाकून नमस्कार केला, बसायला खुर्ची आणली. बाबा खुर्चीत बसले नाहीत. ते गुडघा सांभाळत भिंतीपाशी गेले, सायकलचा पुढचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, मग मागचा. अश्विनीकडे वळून त्यांनी विचारलं, "पंप हाय काय गो घरात?"