मामाजींसाठी वळलेली तार

माझं माहेर मंगरूळपीरचं. आमच्या भिंतीला लागून तारकाम करणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं. चाचा उंदरांचे सापळे, पोपटांचे पिंजरे आणि चाळण्या करायचे. गोरखधंदे मात्र चाचीच वळायच्या. आता गोरखधंदा म्हटलं की लोकांना काहीतरी लबाडीचं आठवतं. आमच्याकडे तेव्हा ते एका खेळण्याचं नाव होतं. तारेचे दोन-तीन तुकडे एकमेकांत असे अडकवलेले असायचे की ते कधी सुटतील असं वाटायचंच नाही. दर्ग्याच्या उरुसात चाची ते विकायच्या आणि मोठमोठे मिशीवाले गडी त्यांच्या दुकानासमोर घाम पुसत उभे राहायचे.

लग्न होईपर्यंत माझी दुपार चाचींच्या ओसरीवर जायची. तार कशी तापवायची, कुठे वाकवायची, टोक कसं मिटवायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. मी तार ओढू लागले की त्या माझ्या हातावर चापट मारायच्या.

"बेटी, जबरदस्ती नाई करायची. तार राजी झाली पायजे."

त्यांचा एक नियम होता. आधी सगळे तुकडे पुरे करायचे, त्यांची टोकं बंद करायची आणि मगच ते एकमेकांत गुंतवायचे. ज्या वाटेनं आत गेलं, त्याच वाटेनं ते बाहेर येणार. गुंतवून झाल्यावर तार मिटवली, तर वाट आहे की नाही हे करणाऱ्यालाही कळत नाही.

शेलूबाजारला शेतकऱ्याच्या घरात मला दिलं तेव्हा हे सगळं संपलं असंच मी धरून चालले होते. घरी कपाशी होती, ज्वारी होती, दोन बैलजोड्या होत्या. सासूबाईंच्या हाताखाली दिवस कसा उगवायचा आणि मावळायचा ते कळायचं नाही. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांच्यासमोर मी डोईवरचा पदर पुढे ओढून जायची. बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामाजींची दृष्टी गेली. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. यजमान त्यांना दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, घालून अकोल्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं की आता उजेड परत यायचा नाही. ज्या माणसानं जन्मभर पहाटे शेत गाठलं, तो ढाळजेत, दाराजवळच्या बैठकीत, बाजेवर बसून राहू लागला. ते जेवणावरून चिडायचे, गड्यांवर ओरडायचे. एके दिवशी मी पाणी ठेवायला गेले तर त्यांनी बाजेची पायथ्याची दोरी सगळी उसवून टाकली होती. आणि गंमत अशी की ती दोरी ते पुन्हा विणत होते. बोटं झरझर चालत होती. तोंडावर राग नव्हता. तेवढ्या वेळापुरता तो नव्हता.

ते बघून मला चाचींची आठवण आली.

त्या दुपारी मी एका फुटक्या कंदिलाची कडी काढली आणि चुलीत तापवून स्वयंपाकातल्या सांडशीनं दोन वळ्या केल्या. दोन्ही वळ्यांत एकाच जागी तारेच्या जाडीएवढी फट ठेवली. तिथे दुसरी वळी आडवी धरली तरच ती निघते. रात्रीच्या जेवणाआधी मी ते यजमानांच्या हातात दिलं.

"हे कोनी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी. मामाजींले द्या. माहं नाव नका सांगू."

मामाजींनी ते चाचपलं आणि अंगणात भिरकावलं. "मले काय लेकरू समजून राह्यले?" मी ते उचलून गुपचूप त्यांच्या बाजेवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी धान्य निवडत होते. ढाळजेतून तारेवर तार घासल्याचा आवाज येऊ लागला. मधे थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दिवेलागणीच्या आधी मामाजींनी हाक मारली, "अरे, निंगलं! निंगलं ना बापा!" आणि यजमान बैल सोडून धावत आले.

तेव्हापासून मी गोरखधंदे करू लागले. सासूबाईंना सांडशी काळी झालेली दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाईमानसानं लोहाराचं काम कायले करावं वो?" पुढच्या बाजाराला यजमानांनी माझ्यासाठी एक पक्कड आणली आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून दिली. त्या काळात नवऱ्यानं बायकोला पक्कड आणून देणं ही लहान गोष्ट नव्हती.

दिसणाऱ्या माणसासाठी गोरखधंदा करणं एक, आणि न दिसणाऱ्यासाठी करणं वेगळं. चाचींचे सगळे डाव डोळ्यांना चकवण्याचे होते. फट मोठी दिसायची तिथून काही निघायचं नाही. मामाजींपुढे त्याचा उपयोग नव्हता. त्यांची बोटं सरळ खऱ्या फटीवर जायची. मग मी हाताला चकवायला शिकले. तारेच्या टोकाचे दोन गोल डोळे अगदी सारखे वळायचे आणि त्यातला एक केसभर अरुंद ठेवायचा. एक तुकडा लोखंडाचा, एक पितळेचा करायचा, म्हणजे कोणता कुठला ते वजनावरून त्यांना कळायचं. एकदा त्यांच्या बोटात तारेचं टोक घुसलं. त्यानंतर प्रत्येक टोक मी विळ्याला धार लावायच्या दगडावर घासून, आपल्या गालावर फिरवून बघितल्याशिवाय दिलं नाही.

मग तो लांब फासाचा गोरखधंदा आला. त्यात एक कडी होती, कडीच्या टोकाला गोल डोळा, आणि त्या डोळ्यातून काढलेला तारेचा फास. फास पुढे ओढून कडीच्या दुसऱ्या टोकाच्या मुंडीवरून घातला आणि मागे घेतला की सुटायचा. तेव्हा घरी कापूस वेचणीची घाई होती. चाचींचा नियम सोडून मी तुकडे एकमेकांत घातले आणि शेवटी फास मिटवला.

मामाजी त्यावर कितीतरी दिवस बसले. मी मनातून खूश होते की जमलं, आता खरं अवघड जमलं. एका सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सूनबाई."

हाक मलाच होती. घरात दुसरी सून नव्हती. मी झाडू घेऊन तशीच उभी राहिले.

"हे तूच करतं, मले मालूम हाय. इकडे ये. हे सुटत नाई."

मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "सुटते, मामाजी. थोडं अजून पाहा."

"वाट बरोबर हाय. डोळ्यातून वर, मुंडीवरून, अन् मांगं. पन फास आखूड हाय. तुरीच्या दान्याएवढा आखूड. तू सोडून पाय."

मी ते हातात घेतलं. फास मुंडीच्या टोकाला टेकत होता आणि तिथेच अडत होता. अगदी तुरीच्या दाण्याएवढा. मी डोळ्यांनी बघून केलेली चूक त्यांनी बोटांनी मोजली होती. मला वाटलं आता रागावतील. ते हसले. दृष्टी गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

"म्हंजे मी हारलो नाई," ते म्हणाले. "आन तुही पक्कड. मी सांगतो तेवढा लांबव."

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून गोरखधंदे करू लागलो. ते हातातली सुतळी गुंतवत-सोडवत विचार करायचे, मी तो तारेत उतरवायची. पदर डोक्यावर असायचाच, पण दोघांमधलं मौन गेलं.

एकदा त्यांनी विचार करण्याच्या नादात सासूबाईंच्या किल्ल्यांचा आकडाच सुतळीत गुंतवला. कोठीची किल्ली त्यातच होती आणि पीठ कोठीत. सासूबाई विळा घेऊन आल्या.

"सुतळी कापतो मी. गडी उपाशी बसले हायेत."

"खबरदार!" मामाजी ओरडले. "हे नवं हाय. हे मले आधी कधी सुचलं नोतं. कापलं तं गेलं."

"तुमाले सुचलं, मंग तुमीच सोडा."

"तेच तं होत नाई ना!"

मी खाली बसले. सुतळी कुठून कशी गेली ते बघितलं तर डोकं गरगरायला लागलं. शेवटी मी म्हटलं, "मामाजी, तुमी हात कसे चालवले ते आठवा. शेवटून."

त्यांनी डोळे मिटले, खरं तर त्याची गरज नव्हती, आणि हवेत बोटं हलवली. "शेवटी उजवीकडून खालून घेतली... त्याच्या आधी आकड्याच्या आतून..." ते सांगत गेले, मी त्याच्या उलट करत गेले. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा आकडा मोकळा झाला. सासूबाईंनी किल्ली हिसकावली, कोठीकडे निघाल्या आणि दारातच त्यांना हसू आलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. गड्यांना त्या दिवशी भाकरी फार उशिरा मिळाली, पण कुरकुर कोणी केली नाही. तो डाव मी तारेत केला. आम्ही केलेल्या सगळ्यांत तो चांगला होता.

बाजाराच्या दिवशी ढाळजेत माणसं बसू लागली. मालेगावकडचे कापसाचे व्यापारी, बांगड्या विकणारे, बैलबंड्या सोडून टेकलेले शेतकरी. मामाजी त्यांच्या हातात एक गोरखधंदा ठेवायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाजावरून त्यांना कळायचं कोण कुठे अडलं. "पाटील, तिथं नाई. मांगं या," असं ते म्हणाले की समोरचा माणूस दचकायचा. ज्या घरात लोक कीव करायला यायचे, तिथे ते आता हरायला येऊ लागले.

मग जर्मनची दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि बाजारातून तार नाहीशी झाली. मिळालीच तर भाव ऐकून परत यावं लागायचं. मामाजींनी आपली सगळी खेळणी बाजेवर ओतली आणि एकेक हातात घेऊन बाजूला करू लागले. "हे मोड. हे झालं आता. हे मोड." जुनं सरळ करून मी नवं वळायची. एकच तार मी कितीदा वाकवली असेल. काही ठिकाणी ती तुटायची. मग जेवढी उरली तेवढ्यात बसणारं काहीतरी शोधायचं. लहान तारेत डाव बसवणं मी त्याच दिवसांत शिकले.

मामाजी गेले ते एका हिवाळ्यात, फार न दुखता. तेराव्याला बाजारातली माणसंही आली होती. मला त्या दिवशी रडू आलं ते सासरा गेला म्हणून आलं, आणि त्याहून जास्त, माझ्या हातचं काम पारखणारं माणूस गेलं म्हणून. त्या काळात कितीतरी बायका अंगात कुठलीही कला असली तरी घरच्यांकडे बघून ती चुलीपाशीच विझवून टाकायच्या. मला यजमानांनी पक्कड दिली, मामाजींनी सूनबाई म्हणून हाक मारली, आणि चाचींनी त्याही आधी सगळं शिकवून ठेवलं होतं. या तिघांचं ऋण मी रोज मानते, देवासमोर बसते तेव्हाही.

महिना-दीड महिना मी तारेला हात लावला नाही. एका दुपारी सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, घरात कोणी पुरुष नाही याची खात्री केली.

"मलेही एक कर ना वो," त्या हळूच म्हणाल्या. "सोपं पायजे. पहिलंच हाय माहं."

मी त्यांच्यासाठी दोन कड्यांचा एक केला. सोडायला त्यांना आठ-दहा दिवस लागले. मधे एकदा त्यांनी तो रागानं पिठाच्या डब्यात टाकला होता, पण संध्याकाळी पीठ झटकून पुन्हा काढला.