उजवीकडच्याने फोन घ्यायचा

नोकरीत असताना किस्से घडत नाहीत असं नाही. पण ते सांगायला दुपार लागते, आणि दुपार कंपनीला विकलेली असते. नोकरी गेली की दुपार परत मिळते. मग आपलं दोघांना सांगायचं, त्या दोघांचं आपण ऐकायचं, आणि बघता बघता एवढा साठा होतो की सुरुवात कुठून करावी कळत नाही. परवा एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "बेकारीत वेळ कसा काढलास रे?" मी म्हटलं, "बस. चहा मागव."

आमचा अड्डा म्हणजे लालबागमधल्या आमच्या चाळीच्या गणपती मंडळाची खोली. गणपतीचे दिवस सोडले तर तिथे वर्षभर ढोल, ताडपत्र्या आणि एक कॅरम बोर्ड पडून असतो. मंडळाच्या सेक्रेटरीने आमच्याकडे बघून काय ते ओळखलं आणि चावी हातात ठेवली. "दिवसभर बसा," तो म्हणाला, "फक्त पंखा दोनच्या वर करू नका."

आम्ही तिघे. मी परब, लोअर परळच्या एका औषध कंपनीत खरेदी विभागात होतो. ऑफिस हैदराबादला गेलं, मी इथेच राहिलो. बंड्या सावंत माझा शाळेपासूनचा मित्र, आमच्याच चाळीतला. तो मॉलमधल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात फ्लोअर मॅनेजर होता. आणि पेंडसे त्याच दुकानाचे हिशेब बघायचे. दुकान बंद झालं तेव्हा दोघे एकाच दिवशी बाहेर पडले.

पेंडसे वयाने मोठे, राहायला ठाकूरद्वारला. तरी रोज सकाळी बस पकडून आमच्याकडे यायचे. दिवसाढवळ्या आपल्या वाडीत दिसलो तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, ही त्यांची भीती. "लालबागमध्ये मला कोण ओळखतंय?" असं म्हणायचे. थोड्याच दिवसांत कोपऱ्यावरचा वडेवाला त्यांना विचारायला लागला, "काय पेंडसेकाका, आज सुट्टी नाय काय?"

०

कर्ज तिघांच्याही डोक्यावर होतं. माझं आईच्या ऑपरेशनसाठी काढलेलं. आई गेली, कर्ज राहिलं. हप्ते थकले आणि बँकेचे फोन सुरू झाले.

पेंडशांचा पहिला फोन आमच्यादेखत आला. पलीकडची मुलगी एकेक वाक्य बोलत होती आणि हे "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणत होते. आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही, तर बँकेला काय म्हणणार! फोन ठेवून रुमालाने कपाळ पुसलं.

"काय ठरलं?" बंड्याने विचारलं.

"शनिवारपर्यंत सगळी रक्कम भरतो म्हटलं."

"कुठून?"

"ते तिने विचारलं नाही."

बंड्याची तऱ्हा उलटी. स्वतःच्या फोनवर तो पहिल्या वाक्यालाच आवाज चढवायचा. आणि मी तर वाजणारा फोन ढोलावर उपडा ठेवून द्यायचो. त्या दिवशी नियम झाला. कॅरमला बसल्यावर बँकेचा फोन कोणीही स्वतः घ्यायचा नाही. ज्याचा फोन वाजेल त्याच्या उजवीकडच्याने घ्यायचा, "मी त्यांचा मित्र बोलतोय" म्हणून सुरुवात करायची आणि फोन स्पीकरवर टाकायचा. दुसऱ्याच्या कर्जाबद्दल माणूस किती शहाण्यासारखा बोलतो, ते मी तिथे पाहिलं.

माझ्या उजवीकडे बंड्या बसायचा. त्याची एक खास पद्धत होती. समोरच्याला हॅलोसुद्धा म्हणू द्यायचं नाही, आपणच सुरू व्हायचं. "ग्राहक दुकानात शिरला की आधी आपण बोलायचं," तो म्हणायचा, "मग तो दमतो."

०

बँकेची माणसंही शेवटी माणसंच. माझं आणि पेंडशांचं कर्ज एकाच बँकेचं, आणि दोघांचेही फोन एकाच मुलीकडे असावेत. आदल्या दिवशी बंड्याने माझ्या वतीने किल्ला लढवला. दुसऱ्या दिवशी पेंडसे टॉयलेटला गेले असताना त्यांचा फोन वाजला. पाळी माझी होती, पण माझ्या तोंडात वडा होता, म्हणून तोही बंड्यानेच उचलला.

"सर, पुन्हा तुम्हीच?" ती म्हणाली. "तुमचे कर्जवाले मित्र आहेत तरी किती?"

"मॅडम, पगार होता तेव्हा खूप होते," बंड्या म्हणाला. "आता हे दोघंच राहिलेत."

पलीकडे ती खुदकन हसली. मग म्हणाली, "ठीक आहे, उद्या करते."

०

सकाळी वसुलीचा फोन यायचा आणि दुपारी त्याच बँकेतून दुसरा गोड आवाज यायचा. "सर, तुम्ही आमचे खास ग्राहक आहात. तुमच्यासाठी नवीन लोन मंजूर झालंय."

एकदा पेंडशांनी बंड्याच्या वतीने हा फोन घेतला. अत्यंत नम्रपणे विचारलं, "आपलं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?"

"चौथ्या, सर."

"आणि वसुली विभाग?"

"तो खाली, तिसऱ्यावर. का सर?"

"काही नाही. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांच्यासोबत डब्याला बसा."

०

मला या सगळ्यात सर्वांत जास्त कशाची ओढ लागली असेल तर ती पगाराच्या मेसेजची. पैशाचीही नाही, त्या टिंग आवाजाची. महिन्याच्या शेवटी तो वाजला की मी ऑफिसातून वैशालीला फोन करायचो आणि ती म्हणायची, "येताना मासे आण." एवढंच बोलणं असायचं. ते पुन्हा कधी होईल, असं मनात यायचं आणि सोंगटी हमखास हुकायची.

वैशाली माझी बायको. माझा पगार थांबला तेव्हा तिच्या भावाने कुडाळला एका शाळेत तिच्यासाठी नोकरी बघितली. आमच्या मुलीला, मनूला घेऊन ती माहेरी गेली. भांडण बिंडण काही नाही. घर चालायला हवं होतं. निघताना मी म्हटलं, "बँकेचं एकदा मार्गी लागू दे. मग येतो आणि तुम्हाला घेऊनच येतो."

"घेऊन यायचं नंतर बघू," ती म्हणाली. "तू ये."

मी गेलो नाही. सासुरवाडीला रिकाम्या हाताने कसं जायचं? मे महिना गेला, गणपती आले.

०

गणपतीच्या आधीची गोष्ट. "पैसे नाही आले तर घरी माणूस पाठवावा लागेल," असं बँकेकडून सारखं ऐकवत होते. एका सकाळी खरोखरच माणूस आला. काखेत बॅग, शर्ट घामाने भिजलेला. नेमका मंडप बांधायचा दिवस. आमच्या चाळीत मंडपाच्या दिवशी जो आत शिरेल त्याला कामाला लावतात, मग तो जावई असो की गॅसवाला.

"परब कोण?" त्याने विचारलं.

"सांगतो, हा बांबू धरा जरा," बंड्या म्हणाला.

त्याने धरला. वरचा माणूस गाठ मारेपर्यंत सोडता येईना. तो सुटला तर दुसरा बांबू आला. मग कोणीतरी त्याला चहा दिला, कांदाभजी दिली. उन्हं कलली तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, रिपोर्टमध्ये मला लिहायला लागतं, ग्राहकाने सहकार्य केलं की नाही."

"मग लिहा की."

"काय लिहू? सहकार्य तर मी केलंय."

त्यानेच मला सांगितलं की फोनवर भांडत बसू नका. शाखेत जा, नोकरी गेल्याची कागदपत्रं दाखवा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. आरतीला तो बायकोला घेऊन आला.

०

शाखेत मी पेंडशांना घेऊन गेलो. अधिकारी बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी घरखर्चाचा तपशील मागितला. पेंडशांनी आदल्या दिवशी तो सुंदर अक्षरात लिहून दिला होता.

बाईंनी सगळं वाचलं. "भाडं, वीज, मुलीची फी, ठीक आहे. अत्यावश्यक खर्चात ही मंडळाची वर्गणी काय आहे? ही बंद करता येईल."

"नाही येणार, मॅडम," मी म्हटलं.

"का? धार्मिक कारण आहे?"

"नाही. ती बंद केली तर चाळीला कळेल."

बाईंनी पेंडशांकडे पाहिलं. पेंडसे गंभीरपणे म्हणाले, "आमच्या वाडीतही मी हा खर्च अत्यावश्यकच धरतो."

बाईंनी पेन बंद केलं. वर्गणी राहिली. काही आठवड्यांनी हप्ता अर्ध्यावर आला. आणि एका ओळखीच्या वितरकाकडे केमिस्टच्या दुकानांतून ऑर्डर गोळा करायचं कमिशनचं काम मला मिळालं, त्यातून तो हप्ता कसाबसा निघायला लागला.

म्हणजे बँकेचं मार्गी लागलं होतं. तरी मी वैशालीला म्हटलं, "आता पक्की नोकरी लागू दे, मग येतोच."

ती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" मला आवडलं नाही.

०

मनूचा एक किस्सा. खरं तर किस्सा नाही, पण माझ्यासाठी आहे.

ती लालबागची पोर. तिने मालवणी बोलावं म्हणून माझ्या आईने जिवाचं रान केलं, पण ही बया आजीला हिंदीत उत्तर द्यायची. व्हिडिओ कॉल केला की तिचं पहिलं वाक्य असायचं, "बाबा, गॅलरी दाखव." मी फोन फिरवायचो. कपडे वाळत घातलेले, समोरच्या काकू तांदूळ निवडतायत, खाली बंड्याची स्कूटर. ती सगळ्याची हजेरी घ्यायची.

दिवाळीनंतर एकदा ती गॅलरी दाखव म्हणायचीच विसरली. पेरूच्या झाडाबद्दल सांगत राहिली, मैत्रिणीबद्दल सांगत राहिली. आणि ठेवताना म्हणाली, "बाबा, तू कधी येतलंस?"

आई असती तर तिने साखर वाटली असती. मी फोन ठेवला आणि तसाच गॅलरीत उभा राहिलो. पोर तिथे रुजायला लागली होती, आणि मी इथे पक्क्या नोकरीची वाट बघत होतो.

०

आता शेवटचा. हा बंड्या सगळीकडे सांगतो, पण त्याला नीट सांगता येत नाही.

त्या महिन्यात कमिशन उशिरा मिळालं म्हणून माझा हप्ता दोन-चार दिवस लांबला होता. फोन येणार हे ठरलेलंच. आम्ही कॅरमला बसलो होतो, राणी बोर्डाच्या मधोमध होती. माझा फोन वाजला. अनोळखी लँडलाइन नंबर. मी नियमाप्रमाणे फोन उजवीकडे सरकवला.

बंड्याने स्पीकर लावला आणि नेहमीसारखा सुटला.

"नमस्कार मॅडम, मी परबचा मित्र बोलतोय. आधी माझं ऐकून घ्या, मग तुम्ही बोला. माणूस पळून जाणाऱ्यातला नाही. तुमचं देणं लागतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. उलट तेच डोक्यात घेऊन फिरतो, धड जेवत नाही. तुमच्यासमोर यायची लाज वाटते, दुसरं काही नाही. रिकाम्या हाताने कसं यायचं, हा त्याचा प्रश्न. सगळं एकदम नाही जमणार. पण थोडं थोडं करून तो सगळं भरून काढेल, मी शाळेपासून ओळखतो त्याला. तेव्हा मॅडम, आणखी थोडी मुदत द्या."

एवढं बोलून तो दमला. फोनमधून लांबवर शाळेची घंटा वाजल्याचा आवाज आला, पोरांचा गलका आला. पेंडशांनी हातातला स्ट्रायकर खाली ठेवला.

मग वैशालीचा आवाज आला.

"मुदत दिलीच होती, भावोजी. आता पैशाचं राहू दे. माणूस पाठवा."